बिशपांची खुर्ची आणि मंडळीची सभा

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेलं चहापान मराठी वाचकाला पाठ आहे. टिळक, रानडे आणि पुण्यातली इतर मोठी माणसं मिशनच्या बोलावण्यावरून गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचलं, प्रायश्चित्तं झाली, त्यावर आजवर पुष्कळ लिहून झालं. यजमानांची चौकशी मात्र फारशी कुणी केली नाही. चहा देणारे ते पाद्री कुणाचे होते? त्यांना पुण्यात कुणी पाठवलं, खर्च कोण भागवत होतं, आणि काही वावगं झालं तर त्यांना जाब विचारायचा अधिकार कुणाकडे होता?

शोधायला गेलं की तीन पत्ते हाती लागतात. मिशनचे पाद्री ‘सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ या अँग्लिकन संन्यस्त संघाचे होते आणि त्यांचा मूळ मठ ऑक्सफर्डजवळच्या काउलीत होता. त्यांच्या जोडीनं काम करणाऱ्या सिस्टर वाँटेजच्या संघाच्या होत्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला तो याच वाँटेजला. आणि या सगळ्यांना इथे उपासना चालवायची परवानगी देणारे बिशप मुंबईत बसत. माणसं एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि परवाना तिसऱ्याचा, अशी ही रचना होती.

एका बिशपांच्या देखरेखीखालचा मुलूख म्हणजे धर्मप्रांत, अशी अँग्लिकन व्याख्या आहे. मुंबईचा धर्मप्रांत १८३७ साली स्थापन झाला, त्यामुळे कागदावर ही व्याख्या इथे लगेच लागू झाली. प्रत्यक्षात ती खरी ठरायला शतकाहून अधिक काळ गेला आणि काही बाबतींत ती अजूनही पुरी खरी नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या धर्मप्रांतांचा इतिहास बिशपांच्या नामावळीतून वाचू नये, असं मला वाटतं. नेमणुका, पैसा आणि जागा यांबाबत शेवटचा शब्द कुणाचा, या प्रश्नातून तो वाचला तर आजचे वादही समजतात आणि आजच्या संस्थेत जपण्यासारखं काय आहे तेही दिसतं.

सरकारी खात्यातले बिशप

भारतातला पहिला अँग्लिकन धर्मप्रांत कलकत्त्याचा, १८१४ सालचा. थॉमस मिडलटन पहिले बिशप. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला सगळा मुलूख त्यांच्या एकट्याच्या पदरात होता. बिशपांनी आपल्या भागातल्या प्रत्येक चर्चला भेट द्यावी, तिथल्या सभासदांचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा विधी, करावं, अशी अपेक्षा असते. गलबत आणि पालखीच्या काळात एका माणसाकडून ते होणं शक्य नव्हतं. त्यांच्यानंतर आलेले रेजिनाल्ड हेबर १८२५ साली मुंबईला येऊन गेले आणि पुढच्याच वर्षी दौऱ्यावर असताना त्रिचनापल्लीत वारले.

अंतराइतकीच कायद्याची अडचण होती. बिशपांची सत्ता इंग्लंडच्या राजाच्या सनदेतून येत असे. ती सनद ब्रिटिश प्रजाजनांपुरती आहे, मग भारतीय माणसाला पाळकपदाची दीक्षा कशी द्यायची, या शंकेनं मिडलटन अडून राहिले. हेबर यांनी ती अडचण दूर केली आणि अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. भारतीय माणसाला या चर्चमध्ये पाळक होता येईल की नाही, हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो सनदेतल्या शब्दांवरून. श्रद्धा, शिक्षण, चारित्र्य यांचा विचार त्यानंतरचा. राजसत्तेनं दिलेल्या अधिकारावर चालणाऱ्या धर्मसंस्थेचं दुखणं या एका गोष्टीत पुरतं दिसतं.

१८३३ च्या चार्टर कायद्यानं मद्रास आणि मुंबईला स्वतंत्र बिशप द्यायचं ठरलं. पगारही कायद्यातच लिहिला होता, वर्षाला २४,००० सिक्का रुपये, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार आधी इथेच आर्चडीकन होते. किल्ल्यातलं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलेलं होतं. बिशपांचं आसन तिथे आल्यावर त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. चर्चगेट हे नाव या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं आणि शहरातले मैलाचे दगडही याच इमारतीपासून मोजले जात. मैल मोजायला सुरुवात जिथून होते तिथेच बिशपांची खुर्ची, यावरून सरकार आणि चर्च यांचं नातं किती जवळचं होतं ते कळतं.

त्या वेळी बिशपांच्या हाताखाली खरे कोण होते, तर सरकारी पगारावरचे चॅपलेन. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर अशा छावण्यांमधली चर्चं ही त्यांची ठिकाणं. गोऱ्या शिपायांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं करणं हे मुख्य काम. त्यांच्या बदल्या आणि रजा सरकारी दप्तरातून चालत. मराठी मुलखात, मराठी बोलून, मराठी माणसांत काम करणारे होते ते मिशनरी. त्यांची गोष्ट निराळी.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम मुंबईत १८२० साली सुरू झालं. ती संस्था अँग्लिकन होती, तिचे पाळक बिशपांच्या परवान्यावर काम करत. पण कोणत्या गावी ठाणं उघडायचं, शाळेला किती रुपये द्यायचे, कुणाला परत बोलवायचं, हे लंडनची समिती ठरवी. नाशिकजवळचं शरणपूर त्याचं ठळक उदाहरण आहे. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणून ठेवली, त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारल्यावर त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होते, ते नाशिकलाच शिकलेले. एवढं मोठं काम धर्मप्रांताच्या हद्दीत चाललं होतं आणि त्याचा हिशेब मात्र लंडनच्या सोसायटीला दिला जात होता.

मुंबईचे बिशप या सोसायट्यांना दुखवू शकत नव्हते, कारण मराठी ख्रिस्ती समाज त्यांच्यामुळेच उभा राहत होता. सोसायट्याही बिशपांना टाळू शकत नव्हत्या, कारण दृढीकरण आणि दीक्षा दुसरं कुणी देऊ शकत नव्हतं. दोन्हीकडून तडजोडी झाल्या. त्या तडजोडींत मराठी मंडळीला कुणी काही विचारलं नाही. अर्पण देणारा, चर्च झाडणारा, मुलांना शाळेत पाठवणारा सभासद निर्णयाच्या जागी कुठेच नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या या धर्मप्रांताविषयी माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

१९३० ची घटना

मुलूख मोठा होता, तो हळूहळू वाटला गेला. १८७७ साली लाहोरचा धर्मप्रांत झाला तेव्हा सिंध मुंबईकडून गेला. १९०३ साली नागपूरला स्वतंत्र बिशप आले, आयर चॅटर्टन. नाशिकचा धर्मप्रांत मुंबईतून १९२९ साली वेगळा झाला आणि फिलिप लॉइड तिथले पहिले बिशप झाले. पण हद्दी बदलल्यानं सत्तेचं स्वरूप बदलत नव्हतं. ते बदललं १ मार्च १९३० रोजी. त्या दिवशी भारतातलं अँग्लिकन चर्च कायद्यानं चर्च ऑफ इंग्लंडपासून सुटं झालं आणि ‘चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ या नावानं स्वतःच्या घटनेवर उभं राहिलं.

या बदलामागे मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर यांचे कष्ट मोठे होते. १९०८ ते १९२९ ते या पदावर होते. इतर बिशपांची आठवण इमारतींवरच्या संगमरवरी पाट्यांतून राहिली. पामर यांचं काम घटनेच्या कलमांत आणि दक्षिणेतल्या चर्च-एकीकरणाच्या वाटाघाटींत आहे, म्हणून ते सहज दिसत नाही. माझ्या मते मुंबईच्या ब्रिटिश बिशपांमध्ये सर्वांत दूरवर पाहणारे तेच. राजाच्या सनदेवर चालणारं बिशपपद मायदेशी सरकार बदललं की निराधार होईल, आणि इथल्या लोकांनी निवडलेल्या सभांचा आधार त्याला हवा, हे त्यांनी ओळखलं होतं.

नव्या व्यवस्थेत मध्यवर्ती कौन्सिल आलं. त्यात बिशप, पाळक आणि सामान्य सभासद असे तीन घटक होते. धर्मप्रांताच्या पातळीवरही कौन्सिल आलं. मराठी मंडळीतला शिक्षक, रेल्वेतला कारकून, शेतकरी यांना बिशपांसमोर उभं राहून खर्चाविषयी विचारण्याचा हक्क मिळाला, निदान घटनेत तरी. खजिन्याच्या किल्ल्या मात्र अजून बऱ्याच अंशी परदेशी सोसायट्यांकडे होत्या. बिशपही परदेशीच राहिले. दोर्नाकलला व्ही. एस. अझरय्या १९१२ सालीच पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले होते. मुंबईत मात्र १८३७ पासून १९७० पर्यंत त्या खुर्चीवर एकही भारतीय बसला नाही. १३३ वर्षं! या काळात महाराष्ट्रात विद्वान ख्रिस्ती माणसांचा दुष्काळ नव्हता. नीलकंठशास्त्री गोरे, नारायण शेषाद्री, नारायण वामन टिळक, बाबा पदमनजी ही नावं मराठी साहित्य आणि विचाराच्या इतिहासात आहेत. यांतले सगळे अँग्लिकन नव्हते हे खरं. तरी ज्या समाजातून अशी माणसं निघतात त्या समाजातून बिशप निघू शकत नाही, असं मानण्याला काहीच आधार नव्हता.

नेतृत्व कसं असावं आणि अधिकार कसा वापरावा, याची दोन उदाहरणं त्याच काळात पुण्यातल्या एकाच आश्रमातून निघाली. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. भारतीय आणि युरोपीय माणसांनी एकत्र राहावं, खादी वापरावी, जमिनीवर बसून जेवावं, ही तिथली रीत. १९२७ साली व्हेरियर एल्विन तिथे आले, गांधीजींच्या जवळ गेले आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे यांच्यासोबत गोंडांमध्ये राहायला करंजियाला गेले. ते गाव नागपूरच्या धर्मप्रांतात येत होतं. तिथले बिशप अलेक्स वुड यांनी एल्विनना परवाना नाकारला. सरकारशी निष्ठा आणि धर्मप्रसाराविषयी एल्विन यांची वृत्ती या दोन्हींबद्दल बिशपांना खात्री हवी होती. काही वर्षांतच एल्विन यांनी चर्चच सोडलं. भारतीय आदिवासींच्या अभ्यासाला त्यातून मोठा माणूस मिळाला, चर्चनं मात्र तो गमावला. एका बिशपाच्या सहीत केवढी ताकद असते हे या प्रसंगातून कळतं, आणि ती सही नाकारण्याआधी कुणाशी सल्लामसलत करण्याचं बंधन त्याच्यावर नसेल तर काय होतं तेही.

त्याच आश्रमातले विल्यम लॅश १९४७ साली मुंबईचे बिशप झाले आणि १९६१ पर्यंत राहिले. स्वातंत्र्याच्या वर्षी, ज्या खुर्चीला एके काळी सरकारी महसुलातून पगार मिळत होता, तिच्यावर आश्रमात राहिलेला माणूस येऊन बसला. संस्था स्वतःला किती बदलू शकते याचा इतका चांगला दाखला मला या इतिहासात दुसरा सापडत नाही.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७ साली झालं. उत्तरेकडच्या बोलण्यांना चाळीस वर्षं लागली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चं एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, अस्तित्वात आलं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मिळून झालेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशी ती सहा. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, म्हणून आपल्या शहरांत मेथडिस्ट चर्च आजही वेगळं दिसतं. योगायोग असा की लंडनमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडचं उद्घाटन त्याच नोव्हेंबर महिन्यात झालं. सामान्य सभासदांना बिशप आणि पाळकांच्या बरोबरीनं बसवणारी सभा इंग्लंडच्या चर्चमध्ये या रूपात आली तेव्हा भारतीय अँग्लिकन तशा सभेत चाळीस वर्षं बसत होते.

महाराष्ट्रात या एकीकरणाला खास महत्त्व आहे, कारण इथे ज्या परंपरा एकत्र आल्या त्यांच्या सवयी एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासूनचं, १८३१ पासून अहमदनगरला. त्यांच्या परंपरेत प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते, पाळक स्वतः निवडते. बिशप हे पदच त्यांना परकं. स्कॉटिश मिशन प्रेसबिटेरियन. तिथे वडील मंडळी आणि प्रेसबिटरी निर्णय घेई. कोल्हापूर-मिरजकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं काम होतं, मिरजेचं वान्लेस हॉस्पिटल त्यांचंच. अँग्लिकनांकडे बिशप. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की समज आल्यावर, इथपासून मतभेद. सीएनआयनं बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य केल्या आणि बिशपपदाविषयी घटनेत दोन विशेषणं एकत्र घातली. ते ऐतिहासिक असेल आणि घटनात्मकही असेल. पहिल्या शब्दानं अँग्लिकनांना परंपरा अखंड राहिल्याचं समाधान मिळालं. दुसऱ्यानं काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन लोकांना हमी मिळाली की बिशप सभांच्या वर जाणार नाहीत.

या दुसऱ्या शब्दासाठी अहमदनगरच्या मंडळींनी काय सोडून दिलं याची आठवण आज फारशी काढली जात नाही. पिढ्यान् पिढ्या आपला पाळक आपण निवडणाऱ्या माणसांनी एका बिशपाच्या नेमणुका स्वीकारल्या, त्या तो बिशप कौन्सिलला बांधलेला असेल या भरवशावर. तो भरवसा जिथे पाळला गेला तिथे एकी टिकली. जिथे तो मोडला असं मंडळींना वाटलं, तिथे जुन्या परंपरांच्या नावानं वेगळे गट उभे राहिले. त्यांना फुटीर म्हणून झटकणं सोपं आहे. त्यांची मूळ तक्रार मात्र बहुतेक वेळा कारभाराची असते आणि ती ऐकून घेण्याजोगी असते.

आज कारभार कसा चालतो

महाराष्ट्रात सीएनआयचे सहा धर्मप्रांत आहेत. मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर. लोकांच्या बोलण्यात धर्मप्रांतापेक्षा ‘डायोसिझ’ जास्त येतं, जसं पाळकक्षेत्राला ‘पास्टरेट’ आणि निवडून दिलेल्या समितीला ‘पास्टरेट कमिटी’. एक किंवा अनेक मंडळ्या मिळून एक पास्टरेट. पास्टरेटचे पाळक आणि निवडून दिलेले प्रतिनिधी मिळून डायोसिझन कौन्सिल. दोन कौन्सिलांच्या मधल्या काळात कार्यकारी समिती. धर्मप्रांताचे सेक्रेटरी आणि खजिनदार. या सगळ्यांवर सिनॉड, म्हणजे सगळ्या धर्मप्रांतांची मिळून मध्यवर्ती सभा. त्याचं कार्यालय दिल्लीत असतं, साधारण अधिवेशन तीन वर्षांनी भरतं आणि बिशपांपैकी एक मॉडरेटर निवडले जातात.

बिशप निवडताना दोन टप्पे असतात. धर्मप्रांत नावं सुचवतो आणि नेमणूक सिनॉडकडून होते. निवृत्तीचं वय ६५. या दोन टप्प्यांमागे विचार आहे. स्थानिक गटबाजीतून कुणीही सहज खुर्चीवर येऊ नये म्हणून सिनॉडचा हात, आणि दिल्लीहून अनोळखी माणूस लादला जाऊ नये म्हणून धर्मप्रांताचा. व्यवहारात दोन्ही बाजूंच्या ताणात कधी कधी खुर्ची बराच काळ रिकामी राहते. मग शेजारच्या बिशपांकडे जादा कारभार येतो आणि त्या काळात दृढीकरणं, पाळकांच्या बदल्या, शाळांच्या नेमणुका, सगळं रेंगाळतं.

पण ही रचना समजून घ्यायची तर वरून खाली न पाहता खालून पाहावं. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या पास्टरेटची वार्षिक सभा घ्या. रविवारची भक्ती संपलेली असते, बाया-पुरुष बाकांवर नाहीतर सतरंजीवर तसेच बसून राहतात. पाळकसाहेब अध्यक्ष. सेक्रेटरी मागच्या सभेचा वृत्तांत वाचतात. खजिनदार वहीतून आकडे सांगतात, रविवारची अर्पणं किती, हंगामाच्या सणाला आलेल्या बाजरी, भोपळे, कोंबड्यांच्या लिलावातून किती जमले, छपराच्या पत्र्यांवर किती गेले, डायोसिझला द्यायचा वाटा किती थकला. मग कुणीतरी आजोबा उठून विचारतात की स्मशानभूमीच्या भिंतीचं काय झालं. ठराव होतो, हात वर होतात, पुढच्या कौन्सिलसाठी प्रतिनिधी निवडले जातात. त्यात आता एक-दोन बायकाही असतात.

या सभेविषयी मला खरोखर आदर वाटतो. या मंडळ्यांमधले बहुसंख्य लोक एकेकाळच्या अस्पृश्य जातींमधून आलेले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. गावात त्यांची शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. ज्या समाजाला गावच्या चावडीवर बसू दिलं जात नव्हतं त्यानं हिशेब विचारायचा, ठराव मांडायचा, मत द्यायचं हे या सतरंजीवर शिकून घेतलं. बिशपांच्या नेतृत्वाचं मोल मी यावरूनच ठरवतो, की या सभेनं केलेला ठराव वर पोहोचतो का आणि त्याचं उत्तर परत येतं का.

जागांचा प्रश्न

उत्तर परत येत नाही तेव्हा माणसं कोर्टात जातात. गेल्या काही दशकांत सीएनआयचं नाव वर्तमानपत्रात आलं ते बव्हंशी जमिनीच्या वादांमुळे.

याचं मूळ त्या जुन्या तीन पत्त्यांत आहे. मिशनच्या जागा परदेशी सोसायट्यांच्या किंवा त्यांच्या ट्रस्टांच्या नावावर होत्या. सोसायट्या गेल्या, जागा राहिल्या. त्या सांभाळायला ट्रस्ट असोसिएशन नावाच्या कंपन्या झाल्या, काही धर्मप्रांताच्या, काही अखिल भारतीय पातळीच्या. म्हणजे उपासना आणि नेमणुका बिशप व कौन्सिलकडे आणि मालकीचे कागद कंपनीच्या संचालकांकडे. बहुतेक वेळा माणसं तीच असतात, पण जबाबदाऱ्या दोन. कौन्सिलमध्ये ज्या व्यवहारावर चर्चा झाली नाही तो संचालकांच्या सभेत मंजूर झालेला असू शकतो, आणि प्रतिनिधीला ते कळतं भिंत पाडायला जेसीबी आल्यावर. त्यात महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, जुना मुंबई कायदा १९५० सालचा. विश्वस्त बदलले, मालमत्ता विकायची झाली, ट्रस्ट दुसऱ्यात विलीन करायचा झाला, तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं.

१९७० च्या एकीकरणात या कायद्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. गुजरातमधल्या ब्रेदरन चर्चच्या मालमत्तेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोन निवाडे झाले. २००५ साली न्यायालयानं सांगितलं की अशा प्रश्नाला दिवाणी दावा चालणार नाही, विश्वस्त कायद्याखालच्या अधिकाऱ्यांकडेच जावं. २०१३ साली त्याहून मोठा धक्का बसला. एकत्र येण्याचा ठराव केला म्हणून जुना ट्रस्ट आपोआप विलीन होत नाही, कायद्यातली प्रक्रिया पुरी केल्याशिवाय मालमत्ता सीएनआयकडे जात नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. नागपूरच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना करून जे एक झाले त्यांना त्रेचाळीस वर्षांनी कळलं की फाइलमध्ये ते अजून वेगळेच होते. हा निकाल चर्चच्या विरोधात गेला म्हणून त्यावर नुसती हळहळ करणं मला पटत नाही. एकीकरणाच्या वेळी कागद नीट करणं हे बिशप आणि सेक्रेटरींचं कामच होतं.

मग २०२२ साली मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे विभागानं सीएनआयच्या तेव्हाच्या मॉडरेटरांवर छापा घातला. त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं, अटकही झाली. आरोप सिद्ध करणं न्यायालयाचं काम आहे. संघटनेच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की एका धर्मप्रांताचे बिशप, त्याच्या शाळांच्या व्यवस्थापनाचे प्रमुख आणि अखिल भारतीय सिनॉडचे अध्यक्ष ही पदं एकाच माणसाकडे एकवटली होती. बहुतेक धर्मप्रांतांत बिशप पदसिद्ध म्हणून अनेक शाळा, रुग्णालयं आणि ट्रस्टांच्या अध्यक्षस्थानी असतात. माणूस कितीही सज्जन असो, इतक्या ठिकाणच्या हिशेबांवर त्याची एकट्याची नजर पुरत नाही. आणि सज्जन नसेल तर त्याला अडवायला कुणी उरत नाही. १९७० च्या घटनेत बिशपपदाला जे घटनात्मक म्हटलं होतं ते या पदसिद्ध अध्यक्षपदांच्या वाटेनं हळूहळू पातळ होत गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान धर्मप्रांत, मोठा खर्च

महाराष्ट्रात सहा धर्मप्रांत असावेत का, ही चर्चा सभासदांमध्ये अधूनमधून होते. बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. मराठवाड्यातल्या पाळकाला बदलीची अडचण सांगायला मुंबईला जावं लागत नाही. बिशप वर्षातून एकदा तरी गावी येतात, मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात, त्यांच्याशी मराठीत बोलतात. मिडलटन यांच्या काळाच्या मानानं हा फार मोठा पल्ला आहे. उलट बाजूला प्रत्येक धर्मप्रांताला कार्यालय लागतं, सेक्रेटरी लागतात, गाडी लागते आणि आता वकीलही लागतात. मुंबईसारख्या धर्मप्रांताकडे जुन्या इमारती आणि नामांकित शाळा आहेत, ग्रामीण धर्मप्रांताकडे मंडळीच्या अर्पणाशिवाय फारसं काही नाही. बिशप जवळ आले हे चांगलं झालं, पण एका धर्मप्रांतातली गरिबी दुसऱ्या धर्मप्रांतातल्या उत्पन्नानं थोडीतरी भरून निघावी अशी वाट आज रुंद नाही. सिनॉडच्या पातळीवर ती व्हायला हवी.

पाळकांच्या तयारीकडे वळलं तर चित्र तुलनेनं बरं आहे. पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून आलं. कलकत्त्याचं बिशप्स कॉलेज १८२० चं. मराठी मुलं अशा ठिकाणी शिकतात. शिकून आल्यावर त्यांना मिळतो तो पगार मात्र कुटुंब चालवायला अपुरा असतो, आणि खेड्यातला पाळक बायकोच्या शिक्षिकेच्या किंवा नर्सच्या नोकरीवर तगतो. स्त्रियांना दीक्षा मिळते, पण वरच्या पदांवर त्या फार उशिरा पोहोचल्या. दक्षिणेत पुष्पा ललिता २०१३ साली नंद्यालच्या बिशप झाल्या. सीएनआयला त्यासाठी आणखी दशकभर लागलं. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये रविवारी बाक भरतात ते बायकांनी, मुलांचे वर्ग चालवतात त्याच, महिला समितीचे पैसे वेळेवर जमतात. कौन्सिलमध्ये त्यांची संख्या त्या प्रमाणात असावी ही मागणी साधी आहे आणि तिला घटनेची आडकाठी नाही.

यापुढचं बरंचसं काम बिशपांच्या खुर्चीवर कोण बसतं यावर अवलंबून नाही. शहरातल्या जागांचं भाडं खेड्यातल्या पाळकाच्या पगारापर्यंत पोहोचतं का, हे ताळेबंदात दिसतं. तो ताळेबंद ट्रस्ट असोसिएशनच्या हिशेबासह, मराठीत, कौन्सिल भरण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक पास्टरेट कमिटीच्या हातात पडायला हवा. विकायला किंवा विकासकाला द्यायला काढलेल्या प्रत्येक जागेची यादी त्याला जोडलेली हवी आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या अर्जाचा क्रमांकही. शाळा-रुग्णालयांची पदसिद्ध अध्यक्षपदं कौन्सिलनं निवडलेल्या इतर माणसांमध्ये वाटता येतात. त्यासाठी धर्मप्रांताच्या कौन्सिलचा ठराव आणि त्या त्या ट्रस्टच्या नियमावलीत दुरुस्ती लागते. असा ठराव कोणत्याही खेड्यातल्या पास्टरेटला आपल्या वार्षिक सभेत मांडून वर पाठवता येतो.